अमेथिस्तोस

ग्रीसमधल्या यानिना गावात किल्ल्याच्या भिंतीला लागून चांदीवाल्यांची गल्ली आहे. तिथे कुणी लाम्ब्रोसचं दुकान विचारलं, तर लोक डोकं खाजवायचे. अमेथिस्तोसचं दुकान विचारलं, की न बघताच बोट दाखवायचे.

अमेथिस्तोस म्हणजे खरं तर एक जांभळा खडा. आपल्याकडचे सोनार त्याला कटेला म्हणतात. ग्रीक भाषेत नशेला शब्द आहे मेथी. आपल्या भाजीशी त्याचं काही नातं नाही, मधाशी मात्र फार जुनं आहे म्हणतात. आणि आपल्यासारखंच तिथेही शब्दाच्या आधी 'अ' लावला, की नकार होतो. अमेथिस्तोस म्हणजे न झिंगलेला. हे सांगायला तिथे पंडित लागत नाही. भाजीवालीलाही तो शब्द ऐकताक्षणी कळतो. म्हणून तर लाम्ब्रोसला ते नाव पडलं तेव्हा अख्खी गल्ली पोट धरून हसली होती. त्या काळी लाम्ब्रोस दुपारी दोन वाजल्यापासून झिंगलेला असे.

माणूस वाईट नव्हता. हात तर असा होता, की केसासारखी चांदीची तार वळून त्याने केलेली फुलं बघायला बाहेरगावचे कारागीर यायचे. पण दोन वाजले, की तो शेगडी विझवायचा, पडदा ओढायचा आणि सरोवराकाठच्या गुत्त्यात जाऊन बसायचा. चौघे-पाचजण ठरलेले होते. द्राक्षाच्या चोथ्याची पांढरी दारू, त्सिपुरो, तिच्या लहान बाटल्या, सोबत तळलेले मासे, ऑलिव्ह आणि गप्पा. लाम्ब्रोस गोष्टी रंगवून सांगे. तो नसला, तर बैठक अळणी व्हायची.

त्याची बायको फिलिओ. तिने कधी आरडाओरडा केला नाही. गल्लीत तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. अनेस्तिस गुरुजी म्हणून शाळेतले निवृत्त मास्तर शेजारी राहत. त्यांच्याकडे एकदा बोलता बोलता तिने ऐकलं, की जुने लोक दारू चढू नये म्हणून हा खडा अंगावर बाळगत, श्रीमंत लोक त्याचे पेलेही करवून घेत. महिन्याभराने फिलिओने आईचे डूल मोडले आणि गल्लीतल्याच दुसऱ्या दुकानातून एक खडा घेतला. कागदाच्या पुडीत बांधून तो तिने लाम्ब्रोसच्या पाटावर ठेवला.

"हे काय?" लाम्ब्रोसने विचारलं.

"तुझ्यासाठी. मला कोंदण करता येत नाही, तूच कर."

त्याने अंगठी केली, चांगली केली. आणि दुपारी ती बोटात घालून गुत्त्यात गेला. खड्याचं नाव कळल्यावर मंडळींना काय, कोलीतच मिळालं. एकाने अंगठी ग्लासात टाकून बघितली. दुसरा म्हणाला, "लेका, बायकोने तुला लगाम घातला की रे." लाम्ब्रोस सगळ्यांत मोठ्याने हसला. त्या दिवशी तो रोजच्यापेक्षा दोन बाटल्या जास्त प्यायला, खडा काम करत नाही हे सिद्ध करायला. घरी त्याला दोघांनी धरून आणलं. दारात फिलिओ उभी होती. आणणाऱ्यांपैकी एकजण तिला म्हणाला, "वहिनी, हा घ्या तुमचा अमेथिस्तोस."

नाव तेव्हापासून चिकटलं.

त्यानंतर दोन वर्षांनी, मार्चमध्ये, फिलिओ निघून गेली. तिने तीन दिवस पुरेल एवढं जेवण करून ठेवलं होतं. पांढऱ्या घेवड्याची उसळ, उकडलेली भाजी असलं काही नाही, त्याला आवडतं तेच, पालक भरून भाजलेली पोळी आणि मटणाचं कालवण. शर्ट इस्त्री करून ठेवले होते. चिठ्ठीत एवढंच होतं, की ती बहिणीकडे व्होलोसला जाते आहे आणि शेगडीपाशी झोपू नकोस. लाम्ब्रोस उठला तेव्हा बस सुटून चार तास झाले होते.

पुढचे वीस-पंचवीस दिवस तो आधीपेक्षा जास्त प्यायला. मंडळींनी सांत्वन केलं. बायका अशाच, येईल परत, असं सगळं म्हणून झालं.

मग ईस्टर आला. तिथे ईस्टरला लाम्ब्री म्हणतात आणि ज्याचं नाव लाम्ब्रोस, त्याचा तो नामदिन, म्हणजे वाढदिवसासारखाच नावाचा सण. नामदिनाला आमंत्रण द्यायचं नसतं. दार उघडं ठेवायचं, टेबलावर खायचं-प्यायचं मांडायचं, लोक आपणहून येतात. एरवी त्यांच्या घरी त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसे. लाम्ब्रोसने सकाळी दाढी केली, फिलिओ घालायची तो पांढरा टेबलक्लॉथ शोधून काढला, ईस्टरची लाल रंगवलेली अंडी शेजारणीकडून आणली, मिठाईचा डबा उघडून ठेवला, पेले पुसले. दार उघडं टाकलं आणि खुर्चीत बसला.

अकरा वाजले, बारा वाजले. रस्त्याने लोक जात होते, अंगणांतून बोकड भाजल्याचा वास येत होता. एका बाईने आत डोकावून "चिरायु हो" म्हटलं, पण फिलिओ नाही हे आठवून ती उंबऱ्यावरूनच वळली. घरात बाई नाही म्हणजे घर बंद, असा लोकांचा समज. आणि गुत्त्यातली मंडळी गुत्त्यात त्याची वाट बघत बसली होती. त्यांच्या लेखी लाम्ब्रोसचं घर तेच होतं.

चार वाजता त्याने पेले परत कपाटात ठेवले. बाटली समोर होती, भरलेली. ती त्याने उघडली नाही. का, ते त्याला पुढेही कधी नीट सांगता आलं नाही. तो निश्चय वगैरे नव्हता. एवढ्या शांत घरात एकट्याने प्यायची त्याला भीती वाटली, एवढंच. त्या दिवशी तो गुत्त्यात गेला नाही. दुसऱ्या दिवशी हात कापत होते, तरी गेला नाही. आठवडाभर घामाने अंथरूण भिजत होतं. अनेस्तिस गुरुजी रोज सूप घेऊन यायचे आणि न बोलता बसायचे.

महिन्याभराने तो गुत्त्यात गेला, पण लिंबाचं सरबत घेऊन बसला. मंडळींनी आधी थट्टा केली, मग आग्रह केला, मग गप्प झाली. लाम्ब्रोसने एक गोष्ट सांगायला घेतली. तीच गोष्ट, जिच्यावर पूर्वी लोक टेबल बडवायचे. आता ती त्याला स्वतःलाच लांबलेली वाटली. एकजण शेवटी म्हणाला, "गड्या, राग मानू नकोस. तू असा समोर बसलास, की आमचे पेले मोजतोयस असं वाटतं."

"मी कशाला मोजू?"

"मोजत नसशील. पण वाटतं."

त्यानंतर तो क्वचित जाई, आणि मग जाईनासा झाला. हाका मारणारेही थांबले. दुपारी दोन वाजता शेगडी विझवायची सवय मात्र सुटेना. विझवून झाल्यावर कुठे जायचं ते कळायचं नाही, म्हणून तो परत पेटवायचा. काम दुप्पट होऊ लागलं. संध्याकाळी घरी येऊन एक अंडं तळायचं, एक ताट धुवायचं, रेडिओ लावायचा. अंगठी त्याने कधीच काढून खणात टाकली होती.

अशी दोन वर्षं गेली आणि एक चमत्कारिक गोष्ट सुरू झाली. बायका येऊ लागल्या.

पहिली आली ती डोंगरातल्या कुठल्याशा गावाहून, डोक्याला काळा रुमाल. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाली, "तो खडा तुमच्याकडेच मिळतो ना? ज्याने तुमची सुटली?" लाम्ब्रोस काही बोलायच्या आत ती रडायला लागली. मुलगा पितो म्हणाली, एकुलता एक. त्याने तिला अंगठी करून दिली. मग दुसरी आली, मग तिसरी. दारूड्याचं नाव अमेथिस्तोस पडलं आणि तो खरंच न झिंगणारा झाला, ही गोष्ट खोऱ्याखोऱ्यांतून फिरत होती, आणि फिरता फिरता तिच्यातून फिलिओ गळून पडली होती. उरला होता तो खडा.

लाम्ब्रोस त्यांना खरं सांगत नसे. आधी वाटलं, रडत्या बाईला काय सांगायचं. मग वाटलं, कुणाला गुण आला तर आला. खरी गोष्ट अशी, की त्या बायका बोलायच्या. दुकानात बसून नवऱ्याचं, मुलाचं, भावाचं सांगायच्या. दिवसभरात त्याच्याशी दहा वाक्यं बोलणारं दुसरं कुणी नव्हतं.

एकदा गुरुजी बसलेले असताना अशीच एक बाई येऊन गेली. ती गेल्यावर गुरुजी म्हणाले, "लाम्ब्रोस, दोष माझा आहे. फिलिओला मी अर्धंच सांगितलं होतं."

"उरलेलं अर्धं काय?"

"हल्ली टुरिस्टांना सांगतात ना, दारूचा देव एका कुमारिकेच्या मागे लागला, ती दगड झाली, त्याने पश्चात्तापाने तिच्यावर वाइन ओतली आणि ती जांभळी झाली? ती गोष्ट आपल्या जुन्यांची नव्हेच. कुणा फ्रेंच कवीने चारशे वर्षांपूर्वी रचलेली. शब्द तेवढा आपला. आणि त्या शब्दाबद्दल आपल्याच एका जुन्या शहाण्या माणसाने लिहून ठेवलंय, की खड्याच्या अंगात जादू नाही. त्याचा रंग फक्त बघ. वाइनमध्ये इतकं पाणी घातलं, की ती पिऊन कुणी झिंगणार नाही, तर जो रंग येतो तो. म्हणून नाव पडलं."

"म्हणजे नुसता रंग?"

"नुसता रंग."

लाम्ब्रोसने एक खडा उजेडात धरला. खरंच तसा होता, पेल्याच्या तळाशी उरलेल्या फिकट वाइनसारखा. त्या दिवसानंतर एकेक अंगठी करताना त्याला चिमटा जड वाटू लागला.

ऑक्टोबरमध्ये सोतिरिया आली. सरोवरातल्या बेटावर राहणारी, चाळिशीची, हाताला माशांचा वास. तिचा नवरा ग्रिगोरिस बेट आणि गाव यांच्यामध्ये होडी चालवी. इंजिनाची होडी, तीस माणसं बसणारी. तिने एप्रनच्या खिशातून लग्नातल्या पट्ट्याचं चांदीचं जड बक्कल काढलं आणि पाटावर ठेवलं.

"हे घ्या आणि खडा द्या, काका. लवकर द्या. परवा त्याने होडी धक्क्यावर आपटली. शाळेतली पोरं होती आत."

लाम्ब्रोस बक्कलाकडे बघत राहिला. फिलिओचे डूल कुठल्या दुकानात वितळले असतील, हा विचार त्याच्या मनात पहिल्यांदाच आला.

"पोरी, हे उचल," तो म्हणाला. "खडा काही करत नाही."

"तुमची सुटली ना?"

"खड्याने नाही सुटली. अंगठी घालून मी दुप्पट प्यायलो. बायको सोडून गेली, मग सुटली."

सोतिरियाने बक्कल हातात घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे मी निघून जाऊ, असं सांगताय?"

"तसं नाही म्हणत मी."

"मग काय म्हणताय? तीन पोरं आहेत मला. जाऊ कुठे?"

तिने बक्कल रुमालात गुंडाळलं.

"मग त्या परत आल्या असतील ना? तुमची सुटल्यावर?"

"नाही."

"तुम्ही आणायला गेला होतात?"

"नाही."

"किती वर्षं झाली?"

"येत्या ईस्टरला चार."

सोतिरियाने त्याच्याकडे बघितलं, ते रागाने नव्हे. त्यापेक्षा वाईट होतं. "चार वर्षं तुम्ही शुद्धीवर आहात आणि त्यांना जाऊन सांगितलं नाहीत? आणि मला खड्याचं खरंखोटं शिकवताय." ती गेली. दार तिने आपटलंही नाही.

लाम्ब्रोसने ती अख्खी दुपार काही केलं नाही. त्याला नेहमी वाटत आलं होतं, की फिलिओला कुणीतरी कळवेल, ती येईल. आपण जाऊन सांगायचं असतं, हे त्याला सुचलं नव्हतं असं नाही. सुचलं की तो शेगडी पेटवायचा.

रविवारी पहाटेच्या बसने तो व्होलोसला निघाला. डोंगराच्या घाटात बर्फ भुरभुरत होतं, खाली थेस्सलीच्या मैदानात ऊन. पोचायला दुपार टळली. फिलिओ बहिणीच्या घराच्या मागच्या खोलीत शिवणकाम करायची. दार तिनेच उघडलं. केस पांढरे झाले होते आणि चष्मा लागला होता. ती दचकली नाही.

"जेवलास का?" तिने विचारलं.

"नाही."

तिने त्याला स्वयंपाकघरात बसवलं, मसूर गरम केली, पाव कापला, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला. तो जेवेपर्यंत ती समोर बसून एका बाहीला टाके घालत होती. जेवण झाल्यावर तो म्हणाला, "फिलिओ, मी सोडली."

"माहीत आहे. गुरुजींची बायको पत्र लिहिते."

"केव्हापासून माहीत आहे?"

"पहिल्या उन्हाळ्यापासून."

तो बराच वेळ पावाचे तुकडे बोटाने गोळा करत राहिला. "मग आली का नाहीस?"

फिलिओने सुई बाहीत टोचून ठेवली. "पहिलं वर्षभर बस यायच्या वेळेला मी खिडकीत जाऊन बसायचे. वाटायचं, आज येईल. दुसऱ्या वर्षी एकदा बस येऊन गेली आणि माझ्या लक्षातच आलं नाही, मी कपडे बेतत होते. मग हळूहळू बरं वाटायला लागलं. आता इथे सकाळी उठल्यावर छातीत काही होत नाही, लाम्ब्रोस. तुला कळतंय का मी काय म्हणते ते?"

"कळतंय."

"तू वाईट नाहीस. पण तिथे आले, तर मी पुन्हा दोन वाजता घड्याळाकडे बघायला लागेन. तू सरबत पीत असलास तरी."

बाहेर बहिणीची कोंबडी ओरडत होती. लाम्ब्रोसने विचारलं, "तो खडा दिलास तेव्हा तुझा खरंच विश्वास होता?"

"छे. शाळा शिकलेय मी." ती किंचित हसली. "मला वाटलं, पेला उचलशील तेव्हा माझं काहीतरी तुझ्या हातावर दिसेल. बाकी काही नाही."

परतीच्या बसपर्यंत ती त्याच्याबरोबर चालत आली. थंडी होती म्हणून मेहुण्याचा मफलर तिने त्याला दिला. बस सुटताना तिने हात हलवला नाही, पण बस वळेपर्यंत ती उभी होती, हे त्याने मागच्या काचेतून पाहिलं.

गावी आल्यावर चार दिवसांनी तो बेटावर गेला. सोतिरिया दारात बसून ईल मासे सोलत होती. त्याला बघून तिने सुरी थांबवली.

"गेला होतात?"

"गेलो होतो."

"आल्या?"

"नाही. येणार नाही."

सोतिरियाने मान हलवली आणि शेजारचं स्टूल पायाने त्याच्याकडे सरकवलं. तो बसला. तिने चुलीवरचे तळलेले मासे ताटलीत घालून त्याच्या मांडीवर ठेवले. बक्कल, खडा, काहीच निघालं नाही. धाकटी मुलगी येऊन त्याच्या मफलरचे गोंडे मोजून गेली.

परतताना दुपारची शेवटची होडी होती. ग्रिगोरिसचे डोळे लाल होते आणि दोरी सोडताना त्याची बोटं चुकत होती. लाम्ब्रोसने ते लगेच ओळखलं. ओळखायला वेळ लागणारच नव्हता. दोन म्हाताऱ्या आणि एक पाद्री आधीच बसलेले होते, आणि तिघेही दुसरीकडे बघत होते.

"सरक जरा," लाम्ब्रोस म्हणाला आणि सुकाणूपाशी त्याच्या शेजारी बसला.

"तुम्हाला येतं का?"

"नाही येत. तू सांग, मी धरतो."

ग्रिगोरिसने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही तो अमेथिस्तोस ना? बायकोने पाठवलं वाटतं मला सुधारायला."

"मला कुणी पाठवलं नाही. मला दुपारी काम नसतं."

ग्रिगोरिसला यावर हसू आलं. त्याने बाकाखालची बाटली काढली, एक घोट घेतला आणि पुढे केली. लाम्ब्रोसने मान हलवली. ग्रिगोरिसने आग्रह केला नाही. "डावीकडे घ्या," तो म्हणाला, "अजून डावीकडे. तिथे गाळ आहे."

लाम्ब्रोसने डावीकडे घेतलं. पाण्यावर धुकं उतरत होतं आणि किल्ल्याची भिंत अर्धीच दिसत होती.

त्यानंतर तो रोज दुपारी दोनला शेगडी विझवून धक्क्यावर जाऊ लागला. संध्याकाळपर्यंत तो ग्रिगोरिसच्या शेजारी सुकाणू धरून बसे. दोघांची मैत्री झाली असं म्हणता येणार नाही. तासन् तास ते बोलत नसत. ग्रिगोरिसची सुटली नाही. पुढची सहा वर्षं तो प्यायला आणि मग यकृताने गेला. पण त्या सहा वर्षांत होडी कशावर आपटली नाही आणि शाळेची पोरं वेळेवर घरी पोचली. त्याच्या मागे थोरल्या मुलीने होडी घेतली. तिला शेजारी कुणी लागत नव्हतं, म्हणून लाम्ब्रोसचं जाणं आपोआप थांबलं.

बायका अधूनमधून खडा मागायला यायच्या. तो त्यांना पाण्यात मिसळलेल्या वाइनची गोष्ट सांगायचा. बहुतेकजणी हिरमुसून उठून जायच्या. एखादी तरीही घ्यायची, रंग आवडला म्हणून. फिलिओची दरवर्षी नाताळला चार ओळींची चिठ्ठी यायची. तब्येत, हवा, बहिणीचे गुडघे. तोही चार ओळी लिहायचा. पाचवी ओळ त्याने पुष्कळदा लिहून पाहिली, पण पाकिटात घालताना तो कागद बदलून चारच ओळींचा घालायचा.